स्टीव्ह नॅश आणि पॉइंट गार्डचे काम

२१ मार्च २०१५ रोजी स्टीव्ह नॅशने व्यावसायिक बास्केटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या नावावर एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील १,२१७ सामने आणि १०,३३५ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटआधी दिलेले शेवटचे पास, होते. असिस्टच्या सर्वकालीन यादीत त्या दिवशी त्याच्यापुढे जॉन स्टॉकटन आणि जेसन किड हे दोघेच होते. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा एमव्हीपी पुरस्कार त्याने २००५ आणि २००६ मध्ये लागोपाठ मिळवला होता. तरीही इतक्या वर्षांत एकदाही त्याला एनबीएची अंतिम मालिका खेळायला मिळाली नाही. उंचीने तो सहा फूट तीन इंच, म्हणजे त्या जगात बेताचाच; उडी सामान्य, शरीरयष्टी किरकोळ, आणि बचावात तर तो आपल्या संघाचा उघड कच्चा दुवा. अशा खेळाडूला दोनदा सर्वोत्तम का ठरवले गेले, हे नुसता गुणफलक पाहून कळत नाही. त्यासाठी पॉइंट गार्ड नेमके काय करतो आणि २००४ च्या सुमारास या खेळाचे गणित कसे बदलत होते, हे दोन्ही पाहावे लागते.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू कोर्टवर असतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांच्या आत रिंगकडे फेक करावीच लागते. या २४ सेकंदांत कोणी कुठे धावायचे, चेंडू कोणाकडे आणि कोणत्या क्षणी जायचा, हे ठरवण्याची मुख्य जबाबदारी पॉइंट गार्डवर असते. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर जसा स्मॅशरच्या हाताच्या उंचीवर आणि त्याच्या वेळेवर चेंडू उभा करतो, आणि गुण मात्र स्मॅशरच्या नावावर जातो, तसेच काहीसे हे काम आहे. ज्या पासमुळे सहकारी थेट बास्केट करतो, तो पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट म्हणून नोंदला जातो. मात्र नोंद होते ती फक्त शेवटच्या पासची. बचाव मोडण्यासाठी त्याआधी जे काही घडले, ते आकड्यांत उतरत नाही, आणि नॅशचे निम्मे कर्तृत्व तिथेच होते.

त्याच्या खेळाचा पाया एका साध्या नियमात आहे. चेंडू जमिनीवर आपटत, म्हणजे ड्रिबल करत, खेळाडू हवा तेवढा वेळ फिरू शकतो. पण एकदा त्याने तो दोन्ही हातांनी धरला की पुन्हा ड्रिबल करता येत नाही. मग उरतात दोनच वाटा, पास किंवा फेक, आणि बचाव करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे चेंडू धरला जाताच ते निर्धास्तपणे अंगावर येतात. बहुतेक गार्ड बचाव भेदून रिंगखाली पोहोचले की तिथे चेंडू धरतात आणि काहीतरी करून मोकळे होतात. नॅश तसे करत नसे. रिंगखाली वाट बंद दिसली तर तो ड्रिबल न थांबवता अंतिम रेषेला लागून बोर्डाच्या मागच्या बाजूने वळसा घेई आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा बाहेर येई. एवढ्या वेळात पाचही बचावपटूंच्या माना त्याच्याबरोबर फिरलेल्या असत, कोणी ना कोणी आपली जागा सोडलेली असे, आणि त्या रिकाम्या जागेतल्या सहकाऱ्याच्या हातात चेंडू पडे. आज तरुण खेळाडूंना ही वळसा घेण्याची युक्ती नॅशच्याच नावाने शिकवली जाते.

हे कसब कुठून आले, याचे उत्तर त्याच्या सुरुवातीच्या काळात आहे. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे त्याचा जन्म झाला आणि तो लहान असतानाच कुटुंब कॅनडात स्थलांतरित झाले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया शहरात तो वाढला. वडील व्यावसायिक फुटबॉल खेळलेले होते आणि धाकटा भाऊ मार्टिन पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात खेळला. स्टीव्हही आधी फुटबॉल आणि आइस हॉकी खेळत असे. बास्केटबॉलकडे तो बारा-तेरा वर्षांचा असताना वळला. मैदानाची रुंदी वापरणे, सहकारी जिथे पोहोचणार आहे तिथे आधीच पास सोडणे आणि जागा निर्माण करण्यासाठी स्वतः हलत राहणे या फुटबॉलच्या सवयी त्याच्या खेळात शेवटपर्यंत दिसत राहिल्या.

शाळेत तो उत्तम खेळत होता, पण कॅनडातल्या एका मुलाकडे अमेरिकी विद्यापीठांचे लक्ष नव्हते. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी अनेक विद्यापीठांना पत्रे आणि चित्रफिती पाठवल्या. शिष्यवृत्ती देऊ केली ती कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या लहानशा विद्यापीठाने, आणि फक्त त्यानेच. तिथे वर्गात जाता-येताना टेनिसचा चेंडू ड्रिबल करत चालण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. लहान चेंडू हाताखाली ठेवणे अवघड, आणि तो न पाहता ठेवणे त्याहून अवघड. पुढे सामन्यात त्याची नजर सतत वर, सहकाऱ्यांवर कशी राहू शकली, हे यावरून लक्षात येईल. १९९३ च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत पंधराव्या मानांकित सांता क्लाराने दुसऱ्या मानांकित ॲरिझोनाला ६४-६१ असे हरवले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पहिल्या वर्षात शिकणाऱ्या नॅशने लागोपाठ सहा फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकी, यशस्वी केले होते.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, फिनिक्स सन्सने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले. त्या वेळी जमलेल्या फिनिक्सच्या चाहत्यांनी नापसंतीचे आवाज काढले. संघात आधीच केव्हिन जॉन्सन होता, त्याच हंगामात जेसन किड आला, आणि नॅशच्या वाट्याला राखीव खेळाडूची खुर्ची आली. १९९८ मध्ये त्याला डॅलस मॅव्हरिक्सकडे पाठवण्यात आले. तिथला पहिला हंगाम दुखापतींमुळे इतका वाईट गेला की घरच्या मैदानावरही त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच वर्षी त्या संघात एक उंच, सडपातळ जर्मन तरुण आला होता, डर्क नोविट्झकी. प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी दोघांवरही विश्वास ठेवला आणि काही वर्षांतच डॅलसचे आक्रमण लीगमधील सर्वोत्तम ठरू लागले.

या उंचावण्याच्या काळातच सिडनीचे २००० सालचे ऑलिंपिकही येते. नॅशच्या नेतृत्वाखाली कॅनडाने गटात युगोस्लाव्हिया आणि स्पेनसारख्या संघांना हरवले आणि मग उपांत्यपूर्व फेरीत तो फ्रान्सकडून पराभूत झाला. त्यानंतर कॅनडाचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला तो थेट २०२४ मध्ये, पॅरिसला. एनबीएच्या प्रसिद्धीबाहेर पडलेली ही सिडनीची स्पर्धा मला नॅशच्या कारकिर्दीतील एक कळीचा टप्पा वाटते. मोठ्या नावांचे सहकारी नसतानाही तो संघाला किती वर उचलू शकतो, हे तिथे पहिल्यांदा जगासमोर आले.

आता पिक अँड रोलकडे वळू, कारण नॅशचा खेळ समजायचा असेल तर ही एक चाल नीट समजणे आवश्यक आहे. नॅश चेंडू घेऊन पुढे येतो, त्याच्यासमोर त्याचा बचावपटू असतो. संघातला एखादा धिप्पाड खेळाडू त्या बचावपटूच्या वाटेत येऊन स्थिर उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात आणि नियमाने ती वैध आहे. नॅश त्या स्क्रीनला घासून पुढे सरकतो, त्याचा बचावपटू अडकतो, आणि क्षणभर नॅशसमोर फक्त त्या धिप्पाड खेळाडूचा बचावपटू उरतो. आता त्याला निवड करायची आहे. तो पुढे येऊन नॅशला अडवू लागला, तर स्क्रीन लावणारा खेळाडू वळून रिंगकडे धावतो आणि त्याला मोकळा पास मिळतो. तो मागे थांबला, तर नॅश तिथूनच फेक करतो. मदतीला तिसरा बचावपटू कोपऱ्यातून आत आला, तर कोपऱ्यातला नेमबाज मोकळा होतो.

चाल जुनीच होती; जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन यांनी युटा जॅझसाठी ती वर्षानुवर्षे खेळली होती. नॅशची भर दोन ठिकाणी होती. एक म्हणजे तो स्वतः इतका अचूक नेमबाज होता की त्याला मोकळे सोडणे हा पर्यायच उरत नसे. दुसरे म्हणजे तो निर्णय लांबवू शकत असे. समोरचा बचावपटू अर्धे पाऊल पुढे आणि अर्धे मागे अशा दुविधेत असताना नॅश ड्रिबल चालू ठेवून त्याला त्याच दुविधेत धरून ठेवी, आणि त्याने वजन एका पायावर टाकताच दुसऱ्या बाजूने पास सोडी. तो पास बऱ्याचदा एकाच हाताने, धावतानाच, जमिनीवर टप्पा देऊन दोन बचावपटूंच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून गेलेला असे. वेगवान नसलेला माणूस वेगवान लोकांवर मात करत होता, ती या उशीर करण्याच्या कलेने.

२००४ च्या उन्हाळ्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली कराराची. नॅश तीस वर्षांचा झाला होता, त्याचा करार संपला होता आणि तो कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा होता. डॅलसला त्याच्या पाठीची आणि वयाची धास्ती होती, म्हणून त्यांनी चार वर्षांपलीकडे जायचे टाळले. फिनिक्सने त्याहून लांब मुदतीचा, सहा कोटी डॉलरहून मोठा प्रस्ताव ठेवला आणि नॅश जुन्या संघात परतला.

दुसरी गोष्ट नियमांची. तोवर चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूच्या कमरेवर किंवा दंडावर हात ठेवून त्याची दिशा वळवणे बचावपटूंना बरेचसे चालवून घेता येत असे. २००३-०४ च्या हंगामात लीगमधील संघांची सरासरी प्रतिसामना ९३.४ गुणांपर्यंत घसरली होती आणि खेळ जड, धक्काबुक्कीचा झाला होता. २००४-०५ पासून रिंगपासून दूरवर अशा हात लावण्यावर कडक बंदी आली. त्याआधी २००१ मध्ये क्षेत्रबचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी कोर्टचा ठरावीक भाग राखण्याला, परवानगी देताना आणखी एक अट घालण्यात आली होती: कोणाचीही जवळून राखण न करता रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात बचावपटूने तीन सेकंदांहून अधिक थांबायचे नाही. दोन्ही नियमांमुळे कोर्टच्या मधोमध जागा मोकळी झाली. किरकोळ बांध्याच्या, पण चेंडूवर हुकमत असलेल्या गार्डला यापेक्षा अनुकूल काळ क्वचितच मिळाला असेल. नॅशच्या यशाचे श्रेय नियमांना देणारे लोक आहेत. पण तेच नियम लीगमधल्या सगळ्याच गार्डना लागू होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षक माइक डॅन्टोनी. इटलीत अनेक वर्षे खेळून आणि शिकवून आलेल्या डॅन्टोनी यांचा विचार असा होता की प्रतिस्पर्ध्याचा बचाव रचला जाण्याआधीच, पहिल्या सात-आठ सेकंदांत फेक करावी. त्यासाठी त्यांनी संघातून संथ, अवजड खेळाडू वगळले. सहा फूट सात इंचांचा शॉन मॅरियन धिप्पाड फॉरवर्डच्या जागी आला आणि अमारे स्टाउडमायर सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूच्या, जागी. बाकी दोघे, जो जॉन्सन आणि क्वेंटिन रिचर्डसन, तीन गुणांच्या रेषेबाहेर, म्हणजे जिथून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात तिथे, पसरून उभे राहत. मधोमध नॅश आणि स्टाउडमायर यांचा पिक अँड रोल, भोवती नेमबाज, आणि बचावाला विश्रांती नाही.

यामागचे गणित अगदी शालेय आहे. समजा, एखादा संघ रेषेच्या थोडे आतून, लांबून दोन गुणांच्या १०० फेकी करतो आणि त्यांतल्या ४० यशस्वी होतात. त्याला ८० गुण मिळाले. दुसरा संघ दोन पावले मागे सरकून, रेषेबाहेरून १०० फेकी करतो आणि त्यांतल्या फक्त ३६ यशस्वी होतात. तरीही त्याला १०८ गुण मिळतात. रिंगच्या अगदी जवळून १०० पैकी ६० यशस्वी झाल्या तर १२० गुण. म्हणजे सर्वांत फायदेशीर जागा दोन, एक रिंगखाली आणि दुसरी रेषेबाहेर. मधला पट्टा तोट्याचा. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९ मध्येच आली होती, पण तिचा हा अर्थ इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरायची हिंमत पंचवीस वर्षे फारशी कोणी केली नव्हती. सन्सने त्या हंगामात प्रतिसामना जवळजवळ २५ तीन गुणांच्या फेकी केल्या, जेव्हा लीगची सरासरी १६ च्या आसपास होती. अलीकडच्या काळात सरासरी संघ ३५ किंवा त्याहून अधिक फेकी करतो, त्यामुळे तो आकडा आता लहान वाटतो. त्या हंगामात मात्र तो लीगमध्ये सर्वाधिक होता.

परिणाम असा झाला की आदल्या वर्षी २९ विजय आणि ५३ पराभव अशी अवस्था असलेल्या संघाने २००४-०५ मध्ये ६२ सामने जिंकले. नॅश ज्या सात सामन्यांत खेळला नाही, त्यांतले पाच संघाने गमावले. स्टाउडमायरची सरासरी २०.६ वरून २६ गुणांवर गेली. नॅशची स्वतःची सरासरी मात्र १५.५ गुण आणि ११.५ असिस्ट अशी होती. पंधरा गुणांच्या माणसाला सर्वोत्तम म्हणायचे का, यावर मोठा वाद झाला. मतदानात त्याला १,०६६ आणि मायामीच्या शकील ओनीलला १,०३२ गुण मिळाले, इतकी चुरस होती. ओनीलचे वर्चस्व डोळ्यांना दिसणारे होते. नॅशचे इतर चौघांच्या खेळात विरघळलेले होते. माझ्या मते २००५ चा निकाल योग्यच होता, पण २००६ च्या निकालाबाबत दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे, कारण त्या वर्षी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने प्रतिसामना ३५.४ गुण काढले होते. नॅशच्या बाजूने सांगण्यासारखे हे की स्टाउडमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जवळजवळ संपूर्ण हंगाम बाहेर होता, जो जॉन्सन संघ सोडून गेला होता, आणि तरीही सन्सने ५४ सामने जिंकले.

पॉइंट गार्डपुढची खरी अडचण काय असते, हे २००५ च्या बाद फेरीतील डॅलसविरुद्धच्या मालिकेत जितके स्पष्ट दिसले, तितके क्वचितच दिसले असेल. चौथ्या सामन्यात डॅलसने ठरवले की नॅशला स्वतः गुण काढू द्यायचे, पण इतर कोणाचाही बचावपटू त्याच्या मदतीसाठी जागा सोडणार नाही. नॅशने ४८ गुण काढले आणि सन्स हरले. एकट्याचा एवढा मोठा आकडा संघाच्या आक्रमणाचा श्वास कोंडल्याची खूण होती, कारण बचाव एका ठिकाणी गोळा होतच नव्हता आणि त्यामुळे बाकीच्यांना सोप्या फेकी मिळत नव्हत्या. अशा वेळी चेंडू सोडून दिला तर प्रतिस्पर्धी मोकळा श्वास घेतो, आणि स्वतःच फेकत राहिले तर सहकारी थंड पडतात. पुढच्या सामन्यात नॅशने ३४ गुण, १३ रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि १२ असिस्ट अशी तिहेरी कामगिरी केली. सहाव्या सामन्यात अखेरच्या क्षणांत तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली, आणि जादा वेळेत सन्सने मालिका खिशात घातली. त्या सहाव्या सामन्यात त्याचे ३९ गुण आणि १२ असिस्ट होते. किती स्वतः करायचे आणि किती वाटायचे, याचे प्रमाण त्याने दोन-तीन दिवसांच्या अंतराने नव्याने बसवले होते. मला नॅशचा एकच टप्पा कोणाला दाखवायचा असेल तर मी हे तीन सामने दाखवीन.

त्याच्या नेमबाजीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण असिस्टच्या चर्चेत ती झाकली जाते. बास्केटबॉलमध्ये एक अनौपचारिक पण फार मानाची कसोटी आहे: एका हंगामात सर्व फेकींपैकी निदान ५० टक्के, तीन गुणांच्या फेकींपैकी ४० टक्के आणि फ्री थ्रोंपैकी ९० टक्के यशस्वी करणे. तीन कसोट्यांना तीन वेगळी कौशल्ये लागतात, आणि लांबून फेकणाऱ्याची पहिली टक्केवारी सहसा घसरते, म्हणून तिन्ही एकाच वर्षी जुळणे अवघड. नॅशने हे चार हंगामांत साधले: २००५-०६, आणि मग २००७-०८ पासून सलग तीन वर्षे. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे ९० टक्क्यांहून अधिक फ्री थ्रो आणि ४२.८ टक्के थ्री-पॉइंटर यशस्वी झाले. फ्री थ्रोच्या आधी हातात चेंडू नसतानाच एक-दोनदा फेकीची पूर्ण हालचाल करून पाहण्याची त्याची पद्धत होती, आणि ती त्याने वर्षानुवर्षे न चुकता पाळली.

एवढे अचूक असूनही तो कारकिर्दीत प्रतिसामना जेमतेम तीन थ्री-पॉइंटर फेकत असे. वर सांगितलेले गणित पाहता त्याने आणखी फेकायला हवे होते. आज गोल्डन स्टेट वॉरियर्सचा स्टेफन करी प्रतिसामना दहाच्या आसपास फेकतो आणि त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. नॅशच्या पिढीत मात्र पॉइंट गार्डने आधी इतरांना खाऊ घालावे आणि उरले तर आपण घ्यावे, हा संस्कार इतका खोल होता की क्रांतिकारक म्हणवल्या गेलेल्या त्या सन्समध्येही तो पूर्ण सुटला नाही.

मग विजेतेपद का नाही? याची दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. बचावात नॅशला लपवावे लागत असे. प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्यावरच चाल रचत, आणि बाद फेरीत, जिथे एकाच संघाशी सलग सात सामन्यांपर्यंत गाठ असते, तिथे अशा कच्च्या दुव्याचा पुरेपूर फायदा उठवला जातो. दुसरे उत्तर सॅन अँटोनियो स्पर्स. २००३ मध्ये डॅलसकडून खेळताना आणि २००५ मध्ये फिनिक्सकडून, पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत, म्हणजे एनबीएच्या अंतिम मालिकेच्या एक पायरी आधी, त्याला याच संघाने अडवले, आणि दोन्ही वर्षी पुढे जाऊन विजेतेपदही त्यांनीच मिळवले. २००७ ची कथा अधिक कडू आहे. त्या वर्षीच्या स्पर्सविरुद्धच्या मालिकेच्या पहिल्या सामन्यात टोनी पार्करशी टक्कर होऊन नॅशचे नाक फाटले आणि रक्त थांबेना म्हणून निर्णायक मिनिटांत त्याला बाहेर बसावे लागले. चौथ्या सामन्यात सन्स विजयाच्या उंबरठ्यावर असताना स्पर्सच्या रॉबर्ट होरीने त्याला धडक देऊन कडेच्या टेबलावर आदळवले. ते पाहून स्टाउडमायर आणि बोरिस डियाव हे राखीव खेळाडूंच्या जागेवरून उठून काही पावले पुढे आले. हाणामारीच्या वेळी बाकाची जागा सोडणाऱ्याला एका सामन्याची बंदी, असा लीगचा कडक नियम होता, आणि तो तंतोतंत लावला गेला. मालिका २-२ अशी बरोबरीत असताना पाचव्या सामन्याला सन्स त्या दोघांविना उतरले आणि ८८-८५ असे हरले; सहाव्यात मालिका संपली. होरीवरही दोन सामन्यांची बंदी आली, पण दोन्ही संघांचे नुकसान सारखे नव्हते. ज्यांनी धडक मारली नाही त्यांच्या संघाने त्या धडकेची किंमत मोजली, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्या वर्षी स्पर्सच विजेते झाले.

२०१० मध्ये मात्र सन्सने स्पर्सला ४-० असे नमवले. त्यानंतर लॉस एंजेलिस लेकर्सने त्यांना विभागीय अंतिम मालिकेत रोखले. नॅश तेव्हा ३६ वर्षांचा होता.

या सगळ्या काळात त्याची पाठ त्याला साथ देत नव्हती. कण्याचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकण्याचा स्पॉन्डिलोलिस्थेसिस नावाचा विकार त्याला होता. त्यामुळे सामन्यात विश्रांती घेताना तो बाकावर न बसता कोर्टच्या कडेला जमिनीवर पाठ टेकून पडत असे. बसल्याने पाठीचे स्नायू आखडत. आहार, झोप आणि व्यायाम यांबाबतच्या काटेकोरपणामुळे त्याने या पाठीला चाळिशीपर्यंत खेळवले. ज्या वयाच्या भीतीने डॅलसने हात आखडता घेतला, त्या वयानंतर त्याने दोन एमव्हीपी पुरस्कार मिळवले आणि पाच वेळा लीगमध्ये सर्वाधिक असिस्टची सरासरी राखली.

२०१२ मध्ये तो लेकर्सकडे गेला. कोबी ब्रायंट, ड्वाइट हॉवर्ड, पाऊ गसोल आणि नॅश अशी नावे एकत्र आल्यावर विजेतेपदाची चर्चा सुरू झाली होती. दुसऱ्याच सामन्यात पोर्टलँडमध्ये डेमियन लिलार्डशी टक्कर होऊन त्याच्या पायाचे हाड मोडले, आणि त्यानंतर पाठ व पाय यांच्या नसांचे दुखणे कधीच पूर्ण थांबले नाही. २०१३-१४ मध्ये तो केवळ १५ सामने खेळला. त्यांतल्या एका सामन्यात, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, त्याने फिलाडेल्फियात १९ गुण काढले. पुढचा संपूर्ण हंगाम दुखापतीत गेला आणि निवृत्तीची घोषणा झाली. २०१८ मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. प्रशिक्षक म्हणून ब्रुकलिन नेट्सबरोबरची त्याची २०२० ते २०२२ ही कारकीर्द अपेक्षेइतकी गेली नाही, आणि तिच्यावर इथे अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

अधिक महत्त्वाचे आहे ते सन्सच्या पद्धतीचे पुढे काय झाले, हे. २००७ ते २०१० या काळात सन्सचे व्यवस्थापन पाहणारे स्टीव्ह कर २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले. २०१० च्या सन्सचे प्रशिक्षक ॲल्व्हिन जेंट्री त्यांचे सहायक बनले. तोवर सर्वत्र बोलले जात असे की लांबून फेकणारा, वेगाने खेळणारा संघ विजेता होऊ शकत नाही, आणि दाखला म्हणून नॅशच्या सन्सकडेच बोट दाखवले जाई. २०१५ मध्ये वॉरियर्स विजेते झाले. त्यानंतर लगेचच नॅश त्यांचा सल्लागार म्हणून रुजू झाला. त्या संघात करी स्वतः किती फेकी करतो आणि डॅन्टोनी यांच्या सन्समध्ये नॅश किती करत असे, हे शेजारी ठेवून पाहिले की कल्पना तीच आणि फरक फक्त धाडसाच्या मात्रेचा, हे लक्षात येते. आज एनबीएतील तीसही संघ थोड्याफार फरकाने हाच खेळ खेळतात: मधोमध पिक अँड रोल, कोपऱ्यांत नेमबाज, आणि चेंडू अशा गार्डच्या हातात, जो फेक आणि पास यांतला निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत उघड करत नाही.